पाटी कुठे लावू? मुंबईत आपल्या दुकानाची, दवाखान्याची, हॉलची वाट दाखवताना

परळला आमचं बोर्ड बनवायचं दुकान आहे. महिन्यातून चार-पाच वेळा तरी एकच संवाद होतो. कुणीतरी नवं काही सुरू केलेलं असतं. फिजिओथेरपी, क्लास, केकचं दुकान, शंभर माणसांचा छोटा हॉल. जागा गल्लीत, कारण मेन रोडचं भाडं परवडत नाही.

"दादा, सिग्नलला एक बाणाची पाटी लावून द्या ना. 'पुढे डावीकडे' एवढंच."

"बनवून देतो. लावायची कुठे?"

"तो खांब आहे ना, त्यावर."

"खांब कुणाचा?"

इथे शांतता पसरते. त्या शांततेनंतर काय करायचं, ते खाली लिहिलंय. क्रम महत्त्वाचा आहे. पाटीची ऑर्डर सगळ्यात शेवटी द्यायची असते आणि बहुतेक जण नेमकी तिथूनच सुरुवात करतात. असं लिहिणं माझ्या धंद्याच्या विरोधात जातं, पण पंधरा दिवसांत महापालिकेच्या गाडीत जाणाऱ्या पाट्या बनवण्यात मलाही मजा नाही.

आधी स्वतः चुकून बघा

आपल्या जागेवर आपण कधीच चुकत नाही, म्हणून लोक कुठे चुकतात ते आपल्याला दिसत नाही. एखाद्या मित्राला गाडी घेऊन बोलवा, पत्ता फक्त व्हिजिटिंग कार्डावर आहे तेवढाच द्या, आणि तुम्ही मागच्या सीटवर तोंड मिटून बसा. शेजारी वही ठेवा. तो जिथे वेग कमी करतो, जिथे "इथून का?" असं विचारतो, जिथे खिडकीची काच खाली करतो, त्या जागा लिहून घ्या. असं दोन वेळा करा, एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी सातला. दोन वेगळ्या दिशांनी केलंत तर उत्तम, कारण दादरहून येणारा आणि ठाण्याहून येणारा एकाच ठिकाणी चुकत नाहीत.

मुंबईत चुकण्याचे दोन प्रकार इतर गावांपेक्षा जास्त. पहिला फ्लायओव्हरचा. आमच्याच इथलं उदाहरण घ्या. डॉ. आंबेडकर मार्गावर राणीच्या बागेजवळ गाडी लालबागच्या पुलावर चढली की ती परळलाच उतरते. मधलं चिंचपोकळी, लालबाग सगळं पायाखालून निघून जातं. तुमचं दुकान लालबागला असेल तर दुकानाच्या कोपऱ्यावर कितीही मोठा बाण लावा, तुमचं गिऱ्हाईक त्याच्या डोक्यावरून गेलेलं असतं. त्याला जे सांगायला हवं ते एवढंच: 'पुलावर चढू नका, खालून या.' जे.जे.च्या पुलाचं तेच, हायवेच्या पुलांचं तेच. वर, हायवेवर सर्व्हिस रोडला उतरायचा फाटा चुकला की पुढच्या यू-टर्नपर्यंत देवाचं नाव घ्यायचं.

दुसरा प्रकार रस्त्यांच्या नावांचा. नकाशावर आणि सरकारी पाटीवर स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, टॅक्सीवाल्याच्या तोंडात कॅडेल रोड. डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग म्हटलं तर दहातले नऊ जण तुमच्याकडे बघत राहतील. पेडर रोड म्हणा, गाडी निघाली. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाचं लॅमिंग्टन रोड तर रेडिओचे पार्ट घेणाऱ्यांच्या चार पिढ्यांना पाठ आहे. मत काहीही असो, पत्त्यात दोन्ही नावं द्या. पाटीवर मात्र एकही रस्ता नको, तिथे जागा नसते.

या फेरीनंतर तुमच्याकडे साधारण दोन किंवा तीन ठिकाणं उरतील. सात-आठ ठिकाणं निघाली तर पाटीने प्रश्न सुटणारच नाही; तिथे फोनवरचा नकाशा आणि पत्ता सांगायची पद्धत सुधारायला हवी. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मग विचारा, हे कुणाचं आहे?

खांब, कठडा, दुभाजक, झाड, भिंत. मुंबईत यातलं बेवारशी काहीही नाही.

रस्त्याच्या दिव्यांचे खांब शहरात बेस्टकडे, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीकडे, भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात महावितरणकडे. सिग्नलचा खांब आणि वाहतुकीच्या पाट्यांचे खांब वेगळे. फूटपाथ, दुभाजक, रेलिंग बहुतेक महापालिकेचं. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग पूर्वी एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होते, 2022 मध्ये ते महापालिकेकडे आले. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, अजून एमएमआरडीए. बंदराच्या बाजूला पोर्टाची जमीन, रुळांच्या बाजूला रेल्वेची. आणि भिंत सोसायटीची.

यातल्या सार्वजनिक जागेवर परवानगीशिवाय काहीही बांधणं, चिकटवणं, रंगवणं हा 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास फार अवघड नसतो म्हणा. गुन्ह्याच्या जागी स्वतःचं नाव, मोबाइल नंबर आणि घराकडे जाणारा बाण सोडून जाणारे आरोपी दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतील?

महापालिका कायदा 1888 चा. त्यातलं कलम 328-अ सांगतं की कुठल्याही जमिनीवर, इमारतीवर, भिंतीवर जाहिरात लावायची तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी. तुमची पाटी 'फक्त बाण' आहे, जाहिरात नाही, असं तुम्हाला वाटतं. त्यावर धंद्याचं नाव आलं की ती जाहिरात.

आणि तिसरा कायदा, जो कुणालाच माहीत नसतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 116. रस्त्यावर वाहतुकीची पाटी उभारायचा अधिकार सरकारला आणि सरकारने नेमलेल्या यंत्रणेला. बाकी कुणी ती उभारायची नाही. शिवाय एखादी जाहिरात खऱ्या पाटीला झाकत असेल, खऱ्या पाटीसारखी दिसून फसवत असेल किंवा चालवणाऱ्याचं लक्ष विचलित करत असेल, तर ती काढायचे अधिकार पोलिसांना देता येतात. म्हणून कुणी "एकदम हायवेच्या बोर्डासारखं करा, हिरव्यावर पांढरं" असं म्हटलं की मी नाही म्हणतो. हिरवा-पांढरा, निळा-पांढरा, लाल काठाचा त्रिकोण, लाल अष्टकोन हे आपले रंग आणि आकार नाहीत.

13 मे 2024 ला घाटकोपरला छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. 120 बाय 120 फुटांचं होतं ते. महापालिकेची मर्यादा 40 बाय 40. जमीन रेल्वे पोलिसांची, त्यामुळे परवानगी कुणाची हा वाद आधीपासून चालूच होता. तुमची दोन बाय तीनची पाटी आणि ते होर्डिंग यांचा काही संबंध नाही, मान्य. पण त्यानंतर वॉर्डातला निरीक्षक कुठल्याही पाटीकडे कोणत्या नजरेने बघतो, ते तुम्ही समजून घ्या.

झाडाला खिळा ठोकून पाटी लावायची असेल तर आमच्या दुकानात येऊ नका. विषय संपला.

तुमची स्वतःची जागा आधी वापरा

नवखे लोक कोपऱ्यावरच्या खांबाच्या मागे लागतात आणि स्वतःच्या दारावरचा बोर्ड मात्र असा लावतात की तो फक्त समोरच्या इमारतीतून वाचता येतो. रस्त्याला समांतर बोर्ड गाडीतल्या माणसाला दिसत नाही. तो समोर बघतोय. त्याला रस्त्याला काटकोनात, भिंतीतून बाहेर आलेली पाटी दिसते. ती तुमच्या हद्दीतच राहायला हवी, चालणाऱ्याच्या डोक्याला लागता कामा नये आणि गल्लीत शिरणाऱ्या टेम्पोच्या उंचीचाही विचार करा.

परवानगीच्या बाबतीतही स्वतःची जागा सोयीची. ज्या इमारतीत धंदा चालतो तिथेच त्या धंद्याची पाटी, आणि तिला दिवा नाही, तर 328-अ मध्ये सूट आहे. दिवा लावला, एलईडीची अक्षरं केली, गच्चीवर चढवली की परवाना लागतो. नियमावली बदलत असते, तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी वॉर्ड ऑफिसच्या अनुज्ञापन खात्यात, म्हणजे बोलीभाषेत लायसन्स डिपार्टमेंटमध्ये, एक चक्कर मारा. फोर्ट, मरीन ड्राइव्हसारख्या वारसा भागात असाल तर तिथले नियम आणखी कडक, तेही तिथेच विचारा.

दुकानाच्या नावाच्या पाटीला मराठीचा नियम आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमात 2022 मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही त्यात आली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. नाव देवनागरीत, आधी, आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नाही. बाणाच्या पाटीवरही तेच करा. नियमासाठी सोडा, उत्तर प्रदेशातून आलेला टॅक्सीवालाही देवनागरी वाचतो म्हणून करा.

कोपऱ्यावर पाटी हवीच असेल तर

चार सरळ रस्ते आहेत. चांगल्यापासून सुरुवात करतो.

कोपऱ्यावरच्या सोसायटीशी किंवा दुकानदाराशी बोला. त्यांच्या आवारात, त्यांच्या भिंतीवर तुमची पाटी. यासाठी सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र घ्या, तोंडी नको. सेक्रेटरी बदलला की तोंडी परवानगी बदलते. इथे सूट नाही, कारण धंदा त्या इमारतीत चालत नाही. म्हणून पत्र घेऊन पुन्हा लायसन्स डिपार्टमेंट. शुल्क असतं, परवान्याची मुदत असते, ती संपायची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

दुसरा, बसथांब्याची जाहिरात. नाक्यावर बेस्टचा थांबा असेल तर त्यावरची जागा रीतसर भाड्याने मिळते, एजन्सीमार्फत. छोट्या दुकानाला महाग पडते, पण नव्या हॉलसाठी सुरुवातीचे दोन महिने घ्यायला हरकत नाही. त्यात बाण टाकता येतो आणि कुणी येऊन काढत नाही.

तिसरा रस्ता फक्त काहींसाठी. हॉस्पिटल असेल तर सरकारी चिन्हाची निळी पाटी लागू शकते. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी 67 या संहितेत हॉस्पिटल, पेट्रोल पंप, खाण्याची जागा यांची निळी पाटी असते, मध्ये पांढरा चौकोन, त्यात चिन्ह. तिच्यावर हॉस्पिटलचं नाव येत नाही. डॉक्टरमंडळी इथे थोडी हिरमुसतात. पण रात्री दोनला पेशंट घेऊन येणाऱ्या माणसाला तुमच्या ट्रस्टचं नाव वाचायचं नसतं. अर्ज वॉर्ड ऑफिसला, प्रत त्या भागाच्या वाहतूक पोलीस चौकीला.

चौथा रस्ता फुकट आहे, आणि तो मी सांगितल्यावर लोकांना आपली चेष्टा केल्यासारखं वाटतं. तुमच्या गल्लीच्या नावाची महापालिकेची पाटी आहे का, ते बघा. बहुतेक वेळा ती गंजलेली असते, कधी तिच्यासमोर झाड वाढलेलं असतं, कधी कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिच्या तोंडावर असतो. ती नीट करणं हे महापालिकेचं काम आहे. महापालिकेच्या 1916 या नंबरवर तक्रार करा किंवा वॉर्डाच्या परिरक्षण (मेंटेनन्स) खात्याला पत्र द्या, फोटोसकट. गल्लीचं नाव लांबून वाचता आलं की 'अमुक गल्लीत डावीकडे' एवढं सांगून तुमचं अर्धं काम होतं, आणि ती पाटी कुणी काढूनही नेणार नाही.

अर्ज कसा द्यायचा? वॉर्डाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, एका पानात. दादर-माहीमला जी उत्तर वॉर्ड, वरळी-प्रभादेवीला जी दक्षिण, मुलुंडला टी. चुकीच्या वॉर्डात दिलेला अर्ज आठवडाभर फिरतो. सोबत जागेचा फोटो (त्यावर पेनने पाटीची चौकट काढून), पाटीचं माप, जमिनीपासून उंची, जागामालकाचं पत्र आणि तुमच्या दुकानाची नोंदणी. दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. नुसतं "साहेबांच्या टेबलावर ठेवलंय" याला अर्थ नाही. नंतर कुणी विचारलं तर तुमच्या हातात फक्त तो शिक्का असतो. परवानगी मिळाली की तिची झेरॉक्स लॅमिनेट करून दुकानात ठेवा. पाटी काढायला आलेल्या माणसासमोर ती फोनमधून शोधेपर्यंत पाटी गाडीत गेलेली असते.

सरकारी खांबावर खासगी नावाची कायमची पाटी? मी इतक्या वर्षांत अशी परवानगी हातात घेऊन आलेलं एकही गिऱ्हाईक बघितलेलं नाही. त्यामागे लागू नका.

आता पाटी: किती मोठी, काय लिहायचं

हा माझा प्रांत, थोडं रेंगाळतो.

ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. नाव आणि बाण वाचायला दोन-तीन सेकंद धरा. म्हणजे पाटी 30-35 मीटरवरून वाचता आली पाहिजे; बेस्टच्या साधारण तीन बस एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर. वाचल्यावर आरसा बघून लेन बदलायला आणखी तीन-चार सेकंद. म्हणून पाटी वळणावर नको, वळणाच्या आधी हवी. वळणाच्या नेमक्या कोपऱ्यावरची पाटी गिऱ्हाइकाला फक्त एवढंच सांगते की तुम्ही आत्ता चुकलात.

अक्षराची उंची? आमच्याकडे चालणारा हिशेब असा, की 1 सेंटीमीटर उंचीचं अक्षर साधारण साडेतीन मीटरवरून नीट वाचता येतं. 35 मीटरला 10 सेंटीमीटर. हे इंग्रजी अक्षरांवरून आलेलं गणित. देवनागरीला मी वर आणखी चौथाई धरतो, कारण वेलांट्या, रफार, उकार आणि जोडाक्षरं याच उंचीत बसवायची असतात. 'क्लिनिक' लिहून बघा, म्हणजे कळेल.

फॉन्ट जाड घेतला की लांबून चांगलं दिसतं हा गैरसमज. जाड फॉन्टमध्ये अक्षरांमधल्या फटी बुजतात. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक काय, तर डोक्यावरची रेघ जरा तुटलेली. 20 मीटरवरून ती तुटलेली जागा दिसत नाही आणि 'भारती' चं 'मारती' होतं. 'ख' चे 'र' आणि 'व' सुटे होतात ते वेगळंच. मध्यम जाडीचा, मोकळा फॉन्ट घ्या, अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडा. पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर गडद, बस. सोनेरी छटा, सावली, मागे इमारतीचा फोटो हे सगळं लग्नपत्रिकेवर शोभतं.

घरच्या घरी चाचणी करा. पाटीचं डिझाइन दहापट लहान करून ए-फोर कागदावर छापा. दहा सेंटीमीटरचं अक्षर एक सेंटीमीटर होईल. कागद साडेतीन मीटर लांब भिंतीला लावा, ज्याला तुमच्या दुकानाचं नाव माहीत नाही अशा कुणाला दोन सेकंद दाखवा आणि झाका. त्याने नाव आणि दिशा दोन्ही सांगितलं, तर पाटी पास. आमच्याकडे हे काम चहावाला पोरगा करतो. दहातल्या सहा पाट्या तो नापास करतो.

मजकूर: नाव, बाण, अंतर. 'आमचे येथे' नको, स्थापना वर्ष नको, मोबाइल नंबर तर मुळीच नको, चालत्या गाडीतून दहा आकडे कोण वाचणार? नाव लांब असेल तर लोक ज्याने ओळखतात तेवढंच घ्या. अंतर मीटरमध्ये आणि खरं. '2 मिनिटं' असं लिहू नका, संध्याकाळी सातला त्या दोन मिनिटांची वीस होतात.

आणि बाण. दोन्ही बाजूंनी दिसणारी पाटी असेल तर मागच्या बाजूचा बाण उलटा करावा लागतो. ऐकायला हास्यास्पद वाटतं ना? माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मीच पाट्या केल्या होत्या. घरचं कार्य म्हणून रात्री बारा वाजता एकच फाइल दोन्ही बाजूंना छापून टाकली. हॉलकडे येणारे बरोबर डावीकडे वळले. विरुद्ध दिशेने, स्टेशनकडून येणाऱ्यांना मात्र तोच बाण हॉलच्या उलट दाखवत होता. अर्धी वरात, मुलाचे काका आणि भटजीबुवा शेजारच्या गल्लीतल्या हॉलमध्ये एका बारशाला जाऊन बसले. भटजींनी तिथे सरबतही घेतलं. मुहूर्त सांभाळला गेला तो केवळ मामांच्या स्कूटरमुळे. तेव्हापासून आमच्या दुकानात दुहेरी पाटी कागदाची घडी करून, हातात धरून, गोल फिरवून बघितल्याशिवाय प्रिंटला जात नाही.

मालाबद्दल थोडक्यात. कायमची पाटी असेल तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा एसीपीवर (मध्ये प्लास्टिक, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम असलेला पत्रा), रात्री चमकणारं रेडियम लावून. लोखंडी चौकट समुद्राच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजते, तेव्हा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप आणि स्टेनलेसचे बोल्ट घ्या. तात्पुरत्या पाटीला सनपॅक, म्हणजे आतून पोकळ प्लास्टिकचा पत्रा. फ्लेक्स वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि दोरी तोडतो. मे अखेरीला एकदा सगळे बोल्ट स्वतः हलवून बघा.

पाटीच्या आधी लोक फोन बघतात

नकाशातली खूण तुमच्या फाटकावर आहे का, ते तपासा. बहुतेकांची ती इमारतीच्या मधोमध असते. नकाशा त्या खुणेच्या जवळचा रस्ता धरतो. इमारतीची मागची भिंत हायवेला लागून असेल तर तो गिऱ्हाइकाला बिनधास्त हायवेवर आणून "तुम्ही पोहोचलात" म्हणतो. समोर आठ फुटी भिंत. खूण सरकवून प्रवेशाच्या फाटकावर आणा, फाटकाचा रस्त्यावरून काढलेला फोटो टाका, जुन्या भाडेकरूच्या दुकानाचं नाव अजून तिथे दिसत असेल तर ते बंद झाल्याचं कळवा.

मग तीन ओळींचा एक मेसेज तयार ठेवा, जो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला जाईल. कुठल्या पुलाखालून यायचं, कुठला सिग्नल, गाडी कुठे लावायची. खुणेसाठी शाळा, देऊळ, टाकी, डेपो घ्या, दुकानं बदलतात. आणि सोसायटीच्या वॉचमनला तुमचं नाव पाठ आहे का ते बघा. रस्त्यावर चुकलेला मुंबईकर शेवटी काच खाली करून त्यालाच विचारतो.

एका दिवसाच्या पाट्या

लग्न, मुंज, प्रदर्शन, शिबिर. इथे सगळ्यांना वाटतं की एका दिवसाला कोण विचारतंय. कायद्यात 'एकच दिवस' अशी सूट नाही. तात्पुरत्या पाटीलाही वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते. हॉलवाल्याला आधी विचारा. चांगल्या हॉलची कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी सोय असते, त्याच्या ओट्यावर स्टँड ठेवू देतो.

नाहीतर माणूस उभा करा. खरंच सांगतो, नाक्यावर हातात पाटी धरलेला एक पुतण्या दहा फ्लेक्सच्या बरोबरीचा. तो पुढे-मागे होतो, गाडी थांबवून सांगतो, पार्किंग भरलं की वेगळीकडे पाठवतो. त्याला टोपी, पाणी आणि दर तासाला बदली द्या, आणि पहिल्या पंगतीला आठवणीने बोलवा. तो फूटपाथवर उभा राहील, रस्त्यात नाही, हे त्याच्या आईसमोर बजावा.

पूर्वी लग्नपत्रिकेच्या मागे छोटा नकाशा छापायचे, स्टेशन, देऊळ आणि हॉल, तीन ठिपके. आता तिथे क्यूआर कोड असतो. दोन्ही छापा. आजोबांना तीन ठिपके पुरतात, आणि कोड छापण्याआधी तो स्वतः स्कॅन करून बघा. गेल्या वर्षी एका पत्रिकेचा कोड हॉलऐवजी केटररच्या मेन्यूवर जात होता.

पाट्यांच्या मागे मार्करने आकडे घाला, एक ते सहा. लावताना यादी करा, कुठली कुठे. रात्री कार्य आटोपलं की सगळे दमलेले असतात आणि कुणीच काढायला जात नाही, म्हणून हे काम सकाळीच एकाला नेमून द्या. सोबत कटर द्या, सुतळी-टेप सगळं कापून आणायला सांगा आणि परत आल्यावर सहा आकडे मोजून घ्या. आमच्या नाक्यावर एका रेलिंगला तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाचा बाण अजून लोंबतोय. त्या दोघांचा मुलगा आता बालवाडीत असेल, आणि पाहुणे अजून उजवीकडेच वळताहेत.